ट्रेनिंगमधलं वर्गात खरंच काही उतरलंय का? शिक्षण परिषदेत ४५ मिनिटं मिळालीत, मदत हवी

शाळेतली_बाई (पन्हाळा तालुका)

नमस्कार सगळ्यांना. मी पन्हाळा तालुक्यात बाजारभोगावच्या बाजूला एका झेडपी शाळेत आहे, दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट २३, माझ्याकडं तिसरी आणि चौथी असते. नोकरीला १४ वर्षं झाली. या १४ वर्षांत मी किती ट्रेनिंग केली असतील याचा परवा हिशोब करायला बसले, कपाटातली फाईल काढली तर ज्ञानरचनावाद आहे, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आहे, निष्ठाचे (केंद्र सरकारचं शिक्षकांचं ट्रेनिंग) दीक्षा या ऑनलाइन पोर्टलवरचे सगळे मॉड्यूल आहेत, निपुणचं (पायाभूत वाचन-गणिताचं) आहे, वरिष्ठ वेतनश्रेणीचं आहे, क्षमतावृद्धी आहे, प्रत्येकाचं सर्टिफिकेट नीट प्लास्टिकमध्ये घातलेलं.

आणि त्याच आठवड्यात चाचणी तपासताना एक गोष्ट बघितली आणि तेव्हापासून डोक्यातनं जात नाही. प्रश्न साधा होता, १/३ आणि १/४ यात मोठा कोणता. चौथीत नऊ मुलं आहेत, त्यातल्या सात जणांनी १/४ लिहिलं. का विचारलं तर म्हणाले बाई, चार मोठे ना तीनपेक्षा. अपूर्णांक मी मन लावून शिकवलेत हो. कागदाच्या घड्या घातल्या, गणित पेटीतल्या पट्ट्या दिल्या, भाकरीची चित्रं काढली. अपूर्णांकावर दोन वेगवेगळ्या ट्रेनिंगमध्ये पण बसलेय आणि दोन्हीकडं हेच घड्या घालायचं दाखवलं होतं. मुलं घड्या छान घालतात. पण उत्तर १/४.

हे मी आमच्या केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याचे प्रमुख) सहज बोलले तर ते म्हणाले मॅडम पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, यावरच घ्या, ४५ मिनिटं तुमची. केंद्रात आम्ही सगळे मिळून तीसेक शिक्षक आहोत. मी हो म्हणून बसले आणि आता पोटात गोळा आलाय, कारण मी स्वतः ज्या ट्रेनिंगला कंटाळून बसते तसंच ४५ मिनिटांचं मी लोकांना देणार का? पीपीटी करायची, दोन व्हिडिओ दाखवायचे, ग्रुप फोटो काढायचा, अहवाल लिहायचा. ते मला करायचं नाहीये. एवढ्या लांबनं लोक येतात, गाड्या घेऊन, त्यांचा वेळ मला वाया घालवायचा नाही.

म्हणून विचारते. तुमच्या आख्ख्या नोकरीत असं एखादं तरी ट्रेनिंग झालं का की ज्यानं तुमचं शिकवणं खरंच बदललं? काय वेगळं होतं त्यात? आणि माझ्या ४५ मिनिटांत मी काय करू? मनापासून सांगा.

---

निवृत्त_आजरा

ताई, नमस्कार. मी २०२१ ला केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झालो, त्याआधी गुरुजी, एकूण ३७ वर्षं. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही असं म्हटलं तरी चालेल, कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे.

मी मास्टर ट्रेनर होतो बरीच वर्षं. म्हणजे काय तर पुण्यात राज्याचं ट्रेनिंग व्हायचं, तिथनं जिल्ह्याची माणसं शिकून यायची, ती आम्हाला शिकवायची, आम्ही तालुक्याला, तालुक्यानं केंद्राला. पुण्यात पाच दिवसांत जे झालं ते आमच्याकडं तीन दिवसांत यायचं आणि केंद्रावर एका दुपारी संपायचं. उसाच्या शेताला शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही ना, तसं. आणि मी काय करायचो, तर ते पुस्तक हातात घेऊन वाचून दाखवायचो. लोक ऐकायचे बिचारे. मला वाटायचं झालं काम. आज त्याचं वाईट वाटतं.

बदल कुठं झाला ते सांगतो. एकदा भर पावसात एका वाडीवरच्या शाळेत भेटीला गेलो होतो, परत निघायला गाडीच नव्हती, म्हणून दोन तास वर्गात मागं बसून राहिलो. शेरे बुकात लिहायचं तर लिहून झालं होतं. मग करायचं काय, समोर एक पोरगी बसली होती तिच्याकडं बघत राहिलो. गुरुजी हातच्याची वजाबाकी शिकवत होते, पोरगी सगळी उत्तरं शेजारणीच्या पाटीवरनं बघून लिहीत होती, पण जिथं वरच्या अंकात शून्य होतं तिथं ती थांबायची आणि शेजारीण पण थांबायची. दोघींचं तिथंच अडत होतं. सुट्टीत मी गुरुजींना एवढंच सांगितलं, की ती दोन पोरं शून्यापाशी अडतात. तुम्ही असं करा तसं करा काही म्हणालो नाही. पंधरा दिवसांनी तेच गुरुजी स्वतः केंद्रावर आले आणि म्हणाले, साहेब, फक्त त्या दोघी नाहीत, अकरा जण शून्यापाशी अडतात, मी सगळ्यांच्या वह्या बघितल्या. त्या माणसानं नंतर जे काम केलं ते कुठल्या ट्रेनिंगनं झालं नसतं.

तेव्हापासून मी भेटीला गेलो की शिक्षकाकडं बघायचं सोडलं, पोरांकडं बघायला लागलो.

आणखी एक सांगतो, हे आपल्या मातीतलं आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे आमच्या आजरा तालुक्यातले, बहिरेवाडीचे, जन्म १९०७ चा. गारगोटीचं मौनी विद्यापीठ त्यांच्याच धडपडीतनं उभं राहिलं. देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव होते. त्या आयोगानं तेव्हाच लिहून ठेवलंय की प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन ते तीन महिन्यांचं सेवांतर्गत शिक्षण मिळालं पाहिजे. आणि शाळासमूहाची कल्पना त्याच अहवालात आहे, म्हणजे आसपासच्या शाळांनी एकत्र यायचं, एकमेकांच्या शिक्षकांनी एकमेकांना मदत करायची, लहान शाळा एकटी पडू द्यायची नाही. आपलं केंद्र आणि शिक्षण परिषद हे त्याच विचाराच्या वाटेवरचं आहे. परिषदेत नुसती परिपत्रकं वाचली जातात तेव्हा माझा जीव तुटतो तो यासाठी.

तर ताई, पीपीटी करू नका. तुमच्या सात पोरांच्या वह्या घेऊन जा आणि त्या मधोमध ठेवा.

---

शिरोळकर_सर

गुरुजींनी एकदम मुद्द्याचं सांगितलं. मी शिरोळ तालुक्यात आहे, सहावी ते आठवी गणित. आमच्याकडं मी आणि शेजारच्या गावातले एक सर, दोघांनी तीन वर्षांपूर्वी आपापसात ठरवलं की महिन्यातनं एकदा मी त्यांच्या तासाला बसणार आणि एकदा ते माझ्या. मुख्याध्यापकांची परवानगी काढली, तासांची अदलाबदल केली. अट एकच ठेवली की शिकवणाऱ्याबद्दल बोलायचं नाही, पोरांनी काय केलं तेवढंच सांगायचं. पहिल्यांदा लय अवघडल्यासारखं होतं, आपल्याच वयाचा माणूस मागं बसलाय म्हटल्यावर खडू धरवत नाही. पण तीन महिन्यांत सवय झाली. जपानमध्ये हे शंभरहून जास्त वर्षं चाललंय असं नंतर कळलं, तिथं चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ बसवतात, एकजण शिकवतो, बाकीचे फक्त पोरांकडं बघतात, मग बसून चर्चा करून तोच पाठ दुरुस्त करतात. आम्हाला ते माहीत नव्हतं, पण वाट तीच निघाली.

आता तुमच्या अपूर्णांकाचं बघू. ताई मला एक गोष्ट लय महत्त्वाची वाटते. आपली पोरं दुकानात जातात, पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो, सव्वा, दीड, अडीच हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण हे सगळे शब्द बघा, सगळे निम्मे आणि पावातनं आलेत. एक तृतीयांशाला बाजारात शब्दच नाही. कोण मागतं का एक तृतीयांश किलो साखर? म्हंजे १/४ हा त्यांच्या ओळखीचा पाव आहे, फक्त त्यांना माहीत नाही की तो कागदावर एक छेद चार असा लिहितात, आणि १/३ हा पूर्ण परका आहे. मग दोन परकी चिन्हं समोर आली की पोरगं फक्त अंक बघतं, चार मोठा.

म्हणून मी पहिल्यांदा गुळाची छोटी ढेप घेतो (आमच्याकडं गुऱ्हाळं आहेत, मिळते), चौघांत वाटली तर एकाला किती? पाव. मग तेवढीच दुसरी ढेप तिघांत वाट. आता याला नाव काय ठेवायचं? पोरं स्वतः नाव शोधतात, एकानं “तिघातला वाटा” म्हटलं होतं, तेच आम्ही महिनाभर वापरलं. तिघातला वाटा आणि चौघातला वाटा म्हटलं की मोठा कुठला हे कुणाला सांगायला लागत नाही.

आणि एक सावधगिरी. तुम्ही आता घाईत त्यांना “छेद लहान तो अपूर्णांक मोठा” असा नियम देऊ नका. माझ्याकडं सहावीत पोरं हा नियम घेऊन येतात आणि मग १/३ हा ३/४ पेक्षा मोठा म्हणतात. अंश सारखा असेल तरच तो नियम चालतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, किंवा सांगितलेलं विसरलेत. परिषदेला जायच्या आधी वर्गात १/३ आणि ३/४ हा प्रश्न पण विचारून बघा. ज्या दोघांनी बरोबर लिहिलंय ना, त्यांना आधी विचारा.

---

निवृत्त_आजरा

शिरोळकर सर, पाव-पाऊणचं वाचून फार बरं वाटलं. आमच्या लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी (पाव, अर्धा अशा अपूर्णांकांचे पाढे) सगळं पाठ करून घ्यायचे. औट म्हणजे साडेतीन, हे आता कुणाला माहीत नाही. अर्थ कळायचा नाही तेव्हा, पण बाजारात गेलं की लागू पडायचं. पाठांतर परत आणा असं मी म्हणत नाही, पण पोराच्या कानावर जे आधीपासून आहे तिथनं सुरुवात करा एवढंच.

---

राजारामपुरी_मॅडम

मी कोल्हापूर शहरात अनुदानित हायस्कूलला आहे, विज्ञान शिकवते. वरचं सगळं पटलं, पण एका गोष्टीवर थोडं वेगळं बोलायचंय, कारण अशा चर्चेत ऑनलाइन ट्रेनिंगला सरसकट वाईट म्हणायची पद्धत पडलीय.

२०२० च्या ऑक्टोबरात निष्ठा ऑनलाइन आलं तेव्हा माझा मुलगा दीड वर्षाचा होता, शाळा बंद होत्या, सासूबाई आजारी. पाच दिवस बाहेर जाऊन ट्रेनिंग करणं मला शक्यच नव्हतं. रात्री तो झोपला की मी दीक्षावर एकेक मॉड्यूल करायचे. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मी पुढं ढकलत गेले, ते मी लपवत नाही. पण मूल्यमापनाचं एक मॉड्यूल होतं, ते मी तीन वेळा बघितलं, वहीत उतरवून घेतलं, आणि शाळा सुरू झाल्यावर प्रत्येक तासाच्या शेवटी मुलांकडनं एका चिठ्ठीवर “आज काय कळलं नाही” हे लिहून घ्यायला लागले. ते आजपर्यंत चालू आहे. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचते, दुसऱ्या दिवशीची सुरुवात त्यातनंच करते. म्हणजे ऑनलाइन असल्यामुळं वाया गेलं असं नाही. मला स्वतःला त्याची गरज होती तेव्हा ते उपयोगी पडलं, आणि जिथं गरज नव्हती तिथं नाही.

आणि हा मुद्दा धोरणातच आहे, आपण तो नीट वाचत नाही म्हणून मला त्रास होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दर वर्षी किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास असं म्हटलंय हे सगळ्यांना माहीत आहे. ५० तास, ५० तास सगळे म्हणतात. पण त्याच वाक्यात हेही आहे की हे शिक्षकांच्या स्वतःच्या आवडीनुसार असावं. हा अर्धा भाग खाली येता येता कुठं गळून पडतो? कुणी मला विचारलंय का की मॅडम तुम्हाला यंदा काय शिकायचंय? १९ वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न एकदाही कुणी विचारलेला नाही. विचारला असता तर मी सांगितलं असतं की मला वर्गात खरे प्रयोग करायचे आहेत, प्रयोगशाळेत साहित्य आहे पण ४८ मुलांना हाताळायला कसं द्यायचं ते मला जमत नाही, ते शिकवा.

वरिष्ठ वेतनश्रेणीच्या ट्रेनिंगचं पण बोलते. १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी, त्यासाठी ट्रेनिंग सक्तीचं. पगाराशी जोडलेलं असल्यामुळं तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या मनात पहिली गोष्ट सर्टिफिकेट असते, माझ्याही होती. दोष माणसांचा नाही, रचनाच तशी आहे.

एमएडला आम्हाला जॉईस आणि शॉवर्स या दोघांचं काम शिकवलं होतं, १९८० च्या दशकातलं अमेरिकेतलं. त्यांचं सांगणं असं, की नुसतं ऐकून, प्रात्यक्षिक बघून, तिथंच सराव करून शिक्षकाला ती गोष्ट समजते, पण वर्गात ती फारच थोडे जण आणतात. नंतर वर्गात येऊन सोबत करणारं कुणी असेल तरच ती वर्गात टिकते. परीक्षेसाठी पाठ केलेलं ते, पण गुरुजींच्या पावसातल्या गोष्टीत मला आज ते खऱ्या अर्थानं कळलं.

म्हणून ताई, तुमची ४५ मिनिटं संपल्यावर काय होणार, याचा आधी विचार करा. महिन्याभरानं पुन्हा कोण कुणाला भेटणार हे तिथंच ठरवून उठा.

---

नवा_गुरुजी

सगळ्यांना नमस्कार. मी पवित्र पोर्टलवरनं (राज्याच्या शिक्षक भरतीचं) २०२४ ला लागलोय, भुदरगड तालुक्यात डोंगरातली शाळा, २ शिक्षक, पण दुसरे सर बऱ्याचदा ऑनलाइन माहिती भरायला, मीटिंगला नाहीतर बीआरसीला (तालुक्याच्या गट साधन केंद्रात) असतात, त्यामुळं मी एकटाच चार वर्गांवर. शिरोळकर सर, तुमचं एकमेकांच्या वर्गात बसायचं लय भारी वाटलं, पण मी शाळा सोडून जाऊ कसा? आणि माझ्याकडं कोण येणार, शेवटची एसटी साडेपाचला.

डीएडला पाठ घेताना मागं मॅडम बसायच्या तेव्हा भीती वाटायची, आता वाटतं कुणीतरी बसावं. दोन वर्षांत माझ्या वर्गात मी शिकवताना कुणीही १० मिनिटंसुद्धा थांबलेलं नाही. भेटी होतात, पण रजिस्टर, पोषण आहार, शौचालय, युडायस (शाळेची ऑनलाइन माहिती). मला खरंच कळत नाही मी बरं शिकवतो की वाईट.

आणि आमच्याकडच्या सीनियर सरांचं तर सध्या ट्रेनिंगमध्ये लक्षच नाही, १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासनं. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचंय. २०-२२ वर्षं शिकवलेली माणसं रात्री मानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवतायत. मी टीईटी देऊनच आलोय, त्यांना मी शिकवतो संध्याकाळी, आणि ते मला चार वर्ग एकत्र कसे सांभाळायचे ते शिकवतात. ट्रेनिंग म्हणायचं तर माझं खरं ट्रेनिंग तेच झालं.

---

शिरोळकर_सर

नवा गुरुजी, जाता येत नसेल तर वह्या पाठव. पोरांच्या वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर, नाव झाकून, आणि खाली दोन ओळी, मी काय विचारलं आणि पोरगं काय म्हणालं. आम्ही सुट्टीच्या दिवसांत तसंच करतो. वर्गात बसण्याइतकं नाही होत, पण काहीतरी हाताला लागतं. आणि “माझं खरं ट्रेनिंग तेच झालं” हे जे लिहिलंस ना, ते सर्टिफिकेट मिळत नाही म्हणून विसरू नकोस.

---

शाळेतली_बाई (पन्हाळा तालुका)

सगळ्यांचे आभार कसे मानू. शिरोळकर सरांनी सांगितलं तसं आज वर्गात १/३ आणि ३/४ विचारलं. ज्या दोघांनी आधी बरोबर लिहिलं होतं त्यातल्या एकीनं १/३ मोठा लिहिला. मी विचारलं का गं, तर म्हणाली बाई तुम्हीच सांगितलंय छेद लहान असला की मोठा असतो. मीच सांगितलं होतं. गेल्या वर्षी तिसरीत, घाईघाईत, परीक्षा जवळ आली म्हणून. मला आठवतंय तो दिवस.

म्हणजे बरोबर उत्तरवाल्यांत पण एकालाच कळलंय. तो ऊसतोड मजुराचा मुलगा आहे, दिवाळीनंतर येतो आणि हंगाम संपला की जातो, त्याचं नाव आमच्या हजेरीत अर्धंच वर्ष असतं. तो म्हणाला, तिघात वाटलं तर जास्त येतंय, चौघात कमी, आणि पाऊण म्हणजे तर जवळजवळ आख्खंच. त्याला पाऊण हा शब्द कुठनं आला मला माहीत नाही, मी शिकवलेला नाही.

केंद्रप्रमुखांशी बोलले. सगळ्यांना मेसेज टाकलाय की परिषदेला येताना आपल्या वर्गातल्या तीन मुलांची या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर घेऊन या, एक हुशार, एक मधला, एक मागं पडणारा. पहिलीवाल्यांनी अर्ध्या भाकरीचं चित्र काढून घ्या म्हटलंय. पीपीटी नाही. येऊन कळवते.

---

शाळेतली_बाई (पन्हाळा तालुका)

परवा परिषद झाली. जसं झालं तसं लिहिते.

४५ मिनिटांची ३५ झाली, आधीची परिपत्रकं लांबली. तीस पैकी बावीस जणांनी कागद आणले होते, मला दहाची पण खात्री नव्हती. सतरंजीवर सगळे कागद पसरले आणि एवढंच म्हटलं की सारखे दिसणारे एकत्र ठेवूया, चूक-बरोबर असं नाही, मुलानं विचार कसा केला असेल त्यावरनं. पहिली पाच मिनिटं कुणी हललंच नाही. मग आमच्यातले सगळ्यात सीनियर गुरुजी, दोन वर्षांत रिटायर होतील, ते खाली बसले गुडघे धरून आणि दोन कागद उचलून म्हणाले, ही दोघं एकच चूक करतायत बघा. मग सगळे बसले.

तीन ढीग स्पष्ट झाले. एक, फक्त छेद बघून मोठा ठरवणारे, हे सगळ्यात जास्त. दुसरा, उलटा नियम पाठ असलेले, म्हणजे माझ्या मुलीसारखे. तिसऱ्या ढिगाचा मी विचारच केला नव्हता. या मुलांनी चित्र काढलं होतं, पण १/३ साठी काढलेली भाकरी लहान आणि १/४ साठी काढलेली मोठी, मग चौघातला वाटा मोठा दिसतोच ना. एका सरांनी आपल्या वर्गाच्या फळ्याचा फोटो मोबाईलवर उघडून बघितला आणि म्हणाले, अहो मी पण फळ्यावर दोन वेगवेगळ्या आकाराची भाकरी काढतो, जागा मिळेल तशी. सगळे गप्प झाले. मी पण तशीच काढते. पूर्ण सारखा पाहिजे हे आम्ही कुणी मुलांना कधी शब्दात सांगितलंच नाही, आम्हाला ते इतकं उघड वाटतं.

सगळं गोड झालं असं नाही. एक मॅडम म्हणाल्या यात उत्तर कुठं मिळालं, पुढं शिकवायचं कसं ते सांगितलंच नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, वेळ संपला होता. दोघे-तिघे मागं फोनवर होते. अहवालासाठी फोटो काढायचा राहिला म्हणून घाईत उभं राहून काढला, त्यात कागद दिसतच नाहीत.

पण निघताना त्याच मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांची शाळा माझ्यापासून चार किलोमीटरवर आहे, पाच वर्षं आम्ही एकाच केंद्रात आहोत आणि एकमेकींची शाळा बघितलेली नाही. म्हणाल्या, तू गुळाची ढेप घेऊन तो पाठ घेशील तेव्हा सांग, मी येते बघायला. राजारामपुरी मॅडमनी सांगितलं होतं ते आठवलं, तिथंच तारीख ठरवली. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की आधी दोघी मिळून पाठ बसवणार, आणि पुढच्या बुधवारी त्या येणार, केंद्रप्रमुखांनी परवानगी दिलीय. नुसत्या विचारानं हातपाय गार पडलेत. पण गूळ आणून ठेवलाय, दोन्ही ढेपा सारख्याच वजनाच्या, दुकानदाराकडनं तोलून घेतल्यात.

---

निवृत्त_आजरा

ताई, डोळे भरून आले वाचताना. त्या मॅडमना माझा नमस्कार सांगा, त्यांनी विचारलेला प्रश्न सगळ्यात चांगला होता. बुधवारी त्यांना सांगा की त्या उलट्या नियमवाल्या मुलीच्या शेजारी बसायचं, बाकी वर्गाकडं बघायचं नाही.

आणि नवा गुरुजी, तुमच्यासाठी. मी महिन्यातनं एकदा गारगोटीला पेन्शनच्या कामानं नाहीतर लेकीकडं येतोच. तुमच्या केंद्रप्रमुखांना विचारून परवानगी घ्या, शाळेचं नाव मला इथं उघड नको, मेसेजमध्ये पाठवा. सकाळच्या गाडीनं येतो, शाळा सुटेपर्यंत मागं बसतो. शेरे बुकात काही लिहिणार नाही.

---

नवा_गुरुजी

गुरुजी, मेसेज केलाय. साडेनऊची गाडी फाट्यावर थांबते, तिथनं वर चालत २० मिनिटं, मी गाडी घेऊन फाट्यावर येतो. डबा आणू नका, घरनं आणतो दोघांचा.